मुलगा म्हणतो इलेक्ट्रिशियन, बाबा म्हणतात कॉलेज

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगा अकरावीत आहे, गणित चांगलं आहे. त्याला कॉलेज नको, इलेक्ट्रिशियन व्हायचंय. फारच ताणलं तर "मग आर्मीत जातो" म्हणतो. त्याच्या बाबांनी बोलणंच टाकलंय. काय करू?

उत्तर : ताई, मुलगा कुठल्या व्हिसावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. तो एच-४ वर (म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) असेल, तर पगारी अप्रेंटिसशिप करायला त्याच्याकडे कामाचा परवाना नाही, सैन्यात भरती होता येत नाही आणि कॉलेजसाठी केंद्र सरकारची आर्थिक मदतही मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो तो वेगळाच. तसं असेल तर वाद बाजूला ठेवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्या.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर पुढचं वाचा. यजमानांनाही वाचायला द्या.

त्यांच्या डोक्यात बहुधा "मार्क कमी पडले म्हणून आयटीआय" हेच चित्र असणार. इथे युनियनच्या अप्रेंटिसशिपला बीजगणित आणि वाचनाची परीक्षा असते, मग मुलाखत, आणि तरीही यादीत थांबावं लागतं. निवड झाली की चार-पाच वर्षं साइटवर काम आणि जोडीला वर्ग. पगार पहिल्यापासून, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा. गणित तिथेही सुटत नाही. वायरिंगचा पाइप चार इंचांचा अडथळा चुकवून ३० अंशांत वाकवायचा, तर दोन वाकांच्या खुणांमध्ये आठ इंच अंतर लागतं. हा दुपटीचा हिशेब त्रिकोणमितीतून आलाय. बाबा इंजिनिअर असतील तर हा विषय काढूनच बोलणं सुरू करा! कॉलेजसाठी ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) पैसे साठवले असतील, तर नोंदणीकृत अप्रेंटिसशिपची फी, पुस्तकं आणि लागणारी हत्यारं त्यातून घेता येतात.

त्रास आहेच. उन्हाळ्यात माळ्यावर वाकून काम करायचं, गुडघे आणि खांदे झिजतात. शाळेत व्होकेशनलचा वर्ग असेल तर बारावीत तो घेऊ द्या. खरी आवड की नुसता हट्ट, ते वर्षभरात कळेल.

कॉलेजचं तुम्हाला मी काय सांगू? एवढंच करा, की छापील फी बघून घाबरू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता प्रत्यक्ष किती खर्च येईल ते सांगणारा) असतो, त्यात स्वतःचे आकडे घाला.

आता आर्मी. रागाच्या भरात निवडायची ही वाट नव्हे. सतराव्या वर्षी पालकांची सही लागते, अठरा झाले की तुमची गरज उरत नाही. पहिल्या करारात राखीव दलासकट साधारण आठ वर्षांची बांधिलकी असते. काम कुठलं मिळणार ते एएसव्हीएबी या सैन्यभरतीच्या परीक्षेतल्या गुणांवर बरंचसं ठरतं. बदल्यात, पुरेशी सेवा झाली की जीआय बिल या सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून ३६ महिन्यांच्या शिक्षणाची सोय होते, ती लहान गोष्ट नाही. ग्रीन कार्डवर सैनिक होता येतं, अधिकारी व्हायला मात्र नागरिकत्व हवं. आणि आपल्या घरांत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही अशी एक गोष्ट : परदेशी सैन्यात असलेल्यांना, निवृत्त झालेल्यांनाही, भारत सरकार ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) देत नाही.

रिक्रूटरकडे, म्हणजे सैन्याच्या भरती अधिकाऱ्याकडे, गेलात तर दोघंही सोबत जा. तो तोंडी काय म्हणतो ते सोडून द्या, करारात छापलंय का ते बघा.