गोल्फच्या मैदानातून कुत्रा नेताना

प्रश्न : मुलाकडे स्कॉटलंडला आले आहे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर त्याच्या कुत्र्याला फिरवायला नेता येईल का?

उत्तर : येईल. रविवारी तिथे सहसा खेळ नसतो, तोच दिवस धरा. एरवी स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मैदान फक्त ओलांडता येतं. ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाय ठेवायचा नाही. पट्टा आखूड धरा. कुणी फटक्याच्या पवित्र्यात दिसलं की थांबा. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने सुटू शकतो. ‘फोर!’ (म्हणजे ‘चेंडू येतोय, सावध!’) अशी आरोळी आली की लोक हमखास वर बघतात आणि चेंडू थेट तोंडावर बसतो. तुम्ही पाठ फिरवा, डोकं हातांनी झाका, खाली वाका. कुत्र्याला चेंडू चघळू देऊ नका, घशात अडकतो.