आडनावापाशी थांबू नका

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आडनाव दिवेकर. आजोबा सांगायचे, आपण शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. नवगावच्या किनाऱ्याला तारू फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नाही. निम्मं घर इस्राएलला गेलं. शोधाला सुरुवात कुठून करू? डीएनए तपासणी करावी का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : दिवेकर म्हणजे दिवेआगरचे, किहीमकर म्हणजे किहीमचे. आडनाव गाव सांगतं, घर सांगत नाही. १७९६ साली मुंबईत शहरातलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभारणारे सॅम्युअल दिवेकर आपलेच, असं धरून वरून खाली येऊ नका. तुमच्यापासून एकेक पिढी मागे जा.

आणि आधी आजीचं माहेर विचारा. लग्नाची केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, कुणाच्या तरी ट्रंकेत असते. तिच्यात नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं असतात, पण हिब्रूत. खरेदीखतात हसाजी दिसतो तो केतुबेत यहेज्केल असतो. सामाजी म्हणजे सॅम्युअल, आबाजी म्हणजे अब्राहाम. हे जुळवलं नाही, तर एकाच माणसाचे दोन पूर्वज होतात.

मग कबरस्तान. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. ओल्या मऊ फडक्यानं दगड पुसा, खरवडू नका. हिब्रू साल अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला एक आकडा, आणि हजाराचा आकडा गाळलेला असतो. माझ्या पणजीच्या दगडावर ताव, रेश, आयिन आणि शेवटी एक झिजलेलं अक्षर होतं. ४००, २००, ७०. शेवटचं मी खेत वाचलं, म्हणजे ८. गाळलेले पाच हजार धरून साल झालं ५६७८. त्यातून ३७६० वजा केले की १९१८. दोन वर्षं मी १९१८च्या मृत्युनोंदी चाळत होते. एका सकाळी ऊन बरोबर पडलं आणि त्या अक्षराच्या डाव्या पायाच्या वरची बारीक फट दिसली. ते खेत नव्हतं, ‘हे’ नावाचं अक्षर होतं, म्हणजे ५. पणजी १९१५ साली गेली होती. नोंद पहिल्याच दिवशी सापडली, आणि त्यात तिच्या वडिलांचं गाव होतं. त्या फटीवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते, सांगता येत नाही. (हिब्रू वर्ष सप्टेंबरच्या सुमारास बदलतं, म्हणून आधीच्या वर्षाचं रजिस्टरही बघा.)

घर विकून गेलेल्यांचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे मिळू शकतं. लिहून देणाराचं वय, धंदा, राहणार कुठला, सगळं त्यात असतं. फार जुनं मोडीत असेल. वाचणारा जाणकार सोबत न्या. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही विसरू नका.

डीएनएबद्दल : २०१६च्या एका संशोधनात बेने इस्राएलांमध्ये ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसा आढळला. वाचून मला फार बरं वाटलं. पण त्यातून पणजोबांचा घाणा कुठल्या आळीत होता ते कळत नाही. पैसे असतील तर करा, घाई नको.

घाई करायची ती फोनची. तिकडे इस्राएलात अशदोदला, दिमोनाला कुणी म्हातारी आत्या असेल तर आजच लावा, आणि मराठीतच बोला. पूर्वजांची नावं विचारलीत तर आठवत नाही म्हणेल. त्यापेक्षा एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावानं होणाऱ्या नैवेद्याचं, मलिद्याचं विचारा, ‘आते, आपल्याकडे एलियाहू हनबीचा मलिदा असायचा, तेव्हा पोहे कोण भिजवायचं? खोबरं कोण खवायचं? ताटाभोवती कोण कोण बसायचं?’ आणि हातात वही-पेन तयार ठेवा.