एसी नंतर बदला, आधी २७ मार्चच्या आत तक्रार दाखल करा

ठाण्यातल्या एका मराठी मंडळीच्या चर्चचे सेक्रेटरी लिहितात: वीस वर्षांची डक्टेबल एसी यंत्रणा काढून आम्ही नवी व्हीआरएफ (बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिटं चालवणारी एसी) बसवली. ऑर्डर १८ लाख ७० हजारांची, त्यातले नव्वद टक्के देऊन झाले. पहिल्याच उन्हाळ्यात गॅस गळू लागला, तो आजही गळतो. कंत्राटदाराची माणसं येतात, गॅस भरतात, जातात. वकिलांची नोटीस पाठवावी का? आणि ही यंत्रणा काढून ईस्टरच्या आत दुसरी बसवता येईल का? वकील कोण करायचा ते ईस्टर झाल्यावर कमिटीच्या बैठकीत ठरवू.

असंच पत्र मला हाउसिंग सोसायट्यांकडून लिफ्टबद्दल येतं, मंगल कार्यालयांकडून जनरेटरबद्दल येतं. कंत्राटदाराचं काम निकृष्ट आहे, हे मला तुमच्या पत्रावरून आणि फोटोंवरून दिसतंय, त्यावर शब्द खर्च करत नाही. मी थांबलो ते शेवटच्या वाक्यावर. ‘ईस्टर झाल्यावर.’ सेक्रेटरीसाहेब, या वर्षी ईस्टर ५ एप्रिलला आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रार करायची तुमची मुदत त्याच्या आधी संपते आहे.

तुमची यंत्रणा सुरू झाली २८ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी. पाळकसाहेब बटण दाबतायत असा फोटो तुमच्याच मासिकात तारखेसकट छापलाय, म्हणजे या तारखेवरून मागे फिरायला जागा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. ते कारण घडलं कधी, यावर वाद घालता येतो. तुम्ही म्हणाल, पहिली लेखी तक्रार २० मे २०२४ ची, तिथून मोजा. मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो तर मीही तेच म्हणेन. पण समोरचा वकील म्हणेल, माल सदोष होता तर तो सुरू केल्याच्या दिवसापासून सदोष होता. हा वाद आयोगासमोर घालण्याची वेळच येऊ देऊ नका. सगळ्यात आधीची तारीख धरायची आणि तिच्या आत दाखल करायचं. २८ मार्च २०२६ शनिवारी येतो. म्हणून शुक्रवार, २७ मार्च हीच शेवटची तारीख समजा. आज फेब्रुवारी संपत आलाय.

मुदतीचा मुद्दा समोरच्यानं काढला नाही तरी आयोगाला तो स्वतःहून पाहावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तो निकाल १९८६ च्या जुन्या कायद्याखालचा असला तरी मुदतीचं कलम जवळपास त्याच शब्दांत नव्या कायद्यात आलंय. विलंब माफीचा अर्ज करता येतो, हे खरं. पण त्यात पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि ‘कमिटीची बैठक झाली नाही’ हे कारण नव्हे. कोविडकाळातली सवलत २८ फेब्रुवारी २०२२ लाच संपली, तुमची ऑर्डर त्यानंतरची आहे. ती आशाही सोडा.

आता नोटिशीबद्दल. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस बंधनकारक नाही, आणि नोटिशीनं मुदत थांबत नाही. तुम्ही पाठवलेल्या ईमेल आणि स्मरणपत्रांनीही थांबत नाही. दोन वर्षं तुम्ही ‘कृपया लवकर लक्ष द्यावे’ असं लिहीत राहिलात आणि त्याला काहीतरी कारवाई चालू आहे असं समजलात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांचं नुकसान याच समजुतीनं होतं. नोटीस पाठवायचीच असेल तर आज पाठवा, पंधरा दिवसांची द्या, आणि उत्तराची वाट न बघता तक्रारीचा मसुदा लिहायला घ्या.

फक्त एका कागदानं मुदत नव्यानं मोजता येण्याची शक्यता आहे, आणि तो तुमच्या खजिनदारांच्या फोनमध्ये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कंत्राटदारानं व्हॉट्सॲपवर लिहिलंय, ‘लीकेज आमच्या जॉइंटमध्ये आहे, कॉइल बदलून देतो.’ मुदत संपण्याआधी दिलेली लेखी कबुली मुदत नव्यानं सुरू करते, असं मुदतीच्या कायद्याचं कलम १८ म्हणतं. व्हॉट्सॲपचा मेसेज म्हणजे सही केलेला कागद का, आणि हे कलम ग्राहक आयोगापुढे किती चालेल, यावर मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. हा युक्तिवाद २८ मार्च चुकला तरच उपयोगी, त्याच्या भरवशावर तारीख चुकवू नका. पण मेसेज जपा. खजिनदार नवा फोन घेणार आहेत असं तुम्हीच लिहिलंय. संपूर्ण संभाषण आधी काढून ठेवा, जुना फोन विकू नका. डिजिटल पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल.

पण तुमच्या फाइलमधला सगळ्यात बोलका कागद दुसराच आहे. सर्व्हिस स्लिपांचे जे फोटो पाठवलेत, त्यात जून २०२४ ची एक पिवळी कार्बन प्रत आहे. शेऱ्याच्या रकान्यात कंत्राटदाराच्या माणसानं पेनानं लिहिलंय, ‘इनडोअर ३, फ्लेअर नटजवळ ऑइल, गॅस टॉपअप.’ तांब्याच्या नळीच्या जोडावर तेल दिसणं म्हणजे तिथून गॅस बाहेर पडतोय, हे कुठलाही एसी मेकॅनिक सांगेल. आणि त्याच स्लिपेवर खाली ‘काम समाधानकारक’ या चौकोनात बरोबरची खूण आणि तुमच्या शिपायाची सही. जवळजवळ प्रत्येक स्लिपेवर तीच खूण, तीच सही. त्या भल्या माणसाला कुणी सांगितलंच नाही की सही करण्यापूर्वी काय वाचायचं. हा दोष त्याचा नाही, कमिटीचा आहे. या सह्या समोरचा वकील एकेक करून वाचून दाखवील. त्यावर उत्तर आहे: समाधान झालं होतं तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा गॅस का भरावा लागला? पण हे उत्तर देता येण्यासाठी सगळ्या स्लिपा हव्यात. कार्बन प्रत वर्ष-दोन वर्षांत पुसट होते, आजच स्कॅन करा.

कंत्राटदार बचाव काय घेईल हे त्याच्या कोटेशनवरूनच दिसतं. तळाशी बारीक अक्षरात आहे, ‘जुनी कॉपर लाइन ग्राहकाच्या संमतीने वापरली जाईल, तिच्या गळतीस आम्ही जबाबदार नाही.’ खर्च वाचतो म्हणून तुम्ही त्यावर ‘मान्य’ लिहून शिक्का मारलात. तुमची जुनी यंत्रणा आर-२२ गॅसवर चालायची, नवी आर-४१०ए वर चालते. नव्या गॅसचा दाब जुन्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि जुन्या नळीत राहिलेलं खनिज तेल नव्या कॉम्प्रेसरच्या तेलाशी जुळत नाही. जुनी लाइन ठेवायची तर ती आतून धुऊन, दाबाला तपासून घ्यावी लागते. हे कळणं कंत्राटदाराचं काम, चर्चच्या कमिटीचं नव्हे. जोखीम न समजावता घेतलेल्या संमतीमागे त्याला पूर्णपणे लपता येणार नाही, असं मला वाटतं. निकाल तज्ज्ञाच्या अहवालावर ठरेल. एक सावधगिरी घ्या: ही अट ‘अनुचित करार’ आहे अशी मागणी या तक्रारीत घालू नका. त्या मागणीचा अधिकार राज्य आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही, आणि कंत्राटदाराला हरकतीचं एक कारण आयतं मिळेल. सेवेतली त्रुटी आणि सदोष माल, एवढंच धरा.

म्हणूनच ईस्टरच्या आत यंत्रणा काढायची ही कल्पना मनातून काढा. जी वस्तू सदोष आहे असं तुम्ही म्हणताय, ती तपासणीआधीच भंगारवाल्याकडे गेली तर दाखवणार काय? आधी स्वतंत्र एसी कन्सल्टंट किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागाकडून पाहणी करून घ्या. पाहणीची तारीख कंत्राटदाराला लेखी कळवून त्याला हजर राहायला सांगा. तो आला नाही तर तसं अहवालात लिहून घ्या. व्हिडिओ काढा, गळक्या जोडाचा जवळून फोटो घ्या. तक्रारीसोबत आयोगाकडे तपासणीचा अंतरिम अर्जही करा. त्यानंतर यंत्रणा काढावीच लागली तर कॉम्प्रेसर, पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि जोडासकट कापलेली नळी चिठ्ठ्या लावून कुलपात ठेवा. नवा विक्रेता ‘जुनं आम्ही घेतो, एवढे कमी करतो’ म्हणेल. देऊ नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात वयस्कर मंडळी उपासनेला दोन तास बसतात, त्यांचे हाल मला समजतात. या हंगामापुरते भाड्याचे टॉवर एसी आणा, त्याची बिलं जपा, तो खर्चही तक्रारीत मागता येईल.

नवी यंत्रणा पतसंस्थेच्या कर्जातून घेऊ असं तुम्ही सहज लिहून गेलात. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ खाली कर्जाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याशिवाय सही करू नका. वर्गणीतून घेणार असाल तर प्रश्न नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुनी कोटेशनं धरून बसू नका.

तक्रार कुणाच्या नावानं, हा थोडा अडचणीचा भाग आहे. प्रतिभा प्रतिष्ठान प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्याखाली न्यासाला तक्रारदार मानलं नव्हतं. २०१९ च्या कायद्यातली व्यक्तीची व्याख्या अधिक रुंद आहे, त्यामुळे तक्रार चालावी असं माझं मत आहे. तरी हरकत येईलच. कदाचित हॉल लग्नांना भाड्यानं देता म्हणून हा व्यापारी वापर आहे, असंही म्हटलं जाईल. या यंत्रणेतून हॉलला गारवा जात नसेल तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा. अधिकारक्षेत्राच्या कारणावरून तक्रार परत आली तर आयोगात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो, आणि दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. म्हणजे दुसरा दरवाजा उघडा राहतो, पण पहिला वेळेत ठोठावला असेल तरच.

परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, अजून २०११ चे विश्वस्त आहेत आणि त्यातले तिघे वारले, हे वाचून मला राग आला. बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो. पंधरा वर्षं कुणीच धर्मादाय कार्यालयाची पायरी चढलं नाही! तो अर्ज विलंब माफीसह आता द्या, पण त्याच्या निकालासाठी थांबू नका. याच आठवड्यात तातडीची सभा घ्या, हयात आणि नव्यानं निवडलेल्या सगळ्या विश्वस्तांच्या सह्यांचा ठराव करा आणि सगळ्यांच्या नावानं तक्रार करा. इमारत मध्यवर्ती ट्रस्टच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र मागा. ते उशिरा आलं तर मागाहून दाखल करता येईल, मुदत मात्र मागाहून मिळत नाही.

बाकीचं सोपं आहे. तुम्ही दिलेली रक्कम १६ लाख ८३ हजार, म्हणजे पन्नास लाखांच्या आत, म्हणून ठाणे जिल्हा आयोग. फी ४०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, पण शेवटच्या रात्री पोर्टलवर विसंबू नका, २० मार्चपर्यंत काम संपवा. कोटेशनवर ‘सर्व वाद दिल्ली न्यायालयात’ असं छापलंय, त्यानं घाबरू नका. तुम्ही जिथं आहात तिथं तक्रार करण्याचा हक्क कायद्यानं दिलाय. कॉम्प्रेसरची पाच वर्षांची वॉरंटी ज्या कंपनीची आहे तिलाही विरुद्ध पक्ष करा.

निकाल कधी लागेल हे विचारलंत. कायदा म्हणतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. आयोगांवरची रिकामी पदं सरकारं भरत नाहीत म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, एवढी ही दुरवस्था जुनी आहे. ग्राहकांसाठी केलेल्या कायद्यात ग्राहकालाच असं ताटकळत ठेवणं मला मान्य नाही, पण तुम्हाला खोटी आशाही देणार नाही. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. विरुद्ध पक्षाला कैफियत द्यायला तीस आणि वर पंधरा, इतकेच दिवस मिळतात. त्यापुढे आयोग वाढवून देऊ शकत नाही, हे घटनापीठानं २०२० मध्ये ठरवलंय, तेव्हा तारीख मोजून हरकत घ्या. आणि निकाल कंत्राटदाराच्या विरोधात गेला तर अपिलासाठी त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागेल.

उरलेले १ लाख ८७ हजार दिले की कॉइल बदलतो, असा कंत्राटदाराचा ताजा निरोप आहे, सोबत ‘कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ असा छापील कागद. पैसे देऊ नका आणि त्या कागदावर कुणालाही सही करू देऊ नका, शिपायालाही नाही. त्याला कॉइल बदलायची असेल तर बदलू द्या, पण पाहणी झाल्यावर, जुनी कॉइल तुमच्या ताब्यात ठेवून, आणि स्लिपेवर स्वतःच्या हातानं लिहा: ‘हक्क राखून, तक्रार कायम.’