दोरा संपेपर्यंत

"मुलं लहान असताना स्वतःचा छंद जपणं स्वार्थीपणाचं आहे का हो, मॅडम?" मी समुपदेशन करते, आणि महिन्यातून दोनतीनदा तरी एखादी आई हा प्रश्न माझ्यासमोर ठेवते. कुणाची सतार कोपऱ्यात उभी असते, कुणाचे ट्रेक सुटलेले असतात, कुणाला नुसतं अर्धा तास वाचायचं असतं. छंद वेगवेगळे, पण विचारताना प्रत्येकीचा आवाज खाली जातो, एखादी चोरी कबूल करावी तसा. म्हणून मृण्मयीची गोष्ट सांगते. तिची संमती आहे, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आठ भेटींतलं बोलणं इथे आटोपशीर केलं आहे.

मृण्मयी 33 वर्षांची, पुण्यात राहणारी. ओवी साडेचार वर्षांची, ईशान दोनचा. ती आली ती चिडचिडीची तक्रार घेऊन. "दिवसभर मुलांवर खेकसते आणि रात्री त्यांचे झोपलेले चेहरे बघून रडते." झोपता कधी, असं विचारलं तर म्हणाली, "साडेबारा होतात. सगळं आवरल्यावर थोडं भरायला बसते ना." मग जरा संकोचून तिने फोनवर फोटो दाखवला. क्रॉस स्टिचचं, म्हणजे कापडाची घरं मोजून फुल्याफुल्यांनी भरायचं तोरण, एका टोकाला मोराची मान आणि अर्धी चोच. दीड वर्षात तेवढंच झालं होतं.

शाळेत दसुतीच्या जाड कापडावर पहिली फुली घातल्यापासून तिला हे वेड. चौदा काउंटचं कापड म्हणजे इंचाला 14 घरं, एका चौरस इंचात 196 फुल्या. रात्री अकराला, डोळ्यांवर झापड असताना ती हे मोजायची. एक घर चुकलं की पुढची सगळी रांग सरकते. मग उसवायचं. "काल दोन तास भरलं आणि आज दीड तास उसवलं," ती म्हणाली. सकाळी सहाला उठून दोन डबे करणाऱ्या बाईच्या चिडचिडीचं निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं.

मी विचारलं, "दिवसा का नाही भरत?"

"मुलं जागी असताना? छे! मुलं झोपल्यावरच. ओटा आवरल्यावरच. उद्याची भाजी निवडून झाल्यावरच."

"या तिन्ही वाक्यांतला 'च' काढून पुन्हा म्हणून बघा."

तिने म्हणून पाहिलं. तिसऱ्या वाक्यावर थांबली. "सासूबाईंना नाही आवडणार. म्हणतात, पोरं सोडून सुया काय टोचत बसलीस! आणि मॅडम, माझ्या रुखवतावर माझाच क्रॉस स्टिचचा गणपती होता. याच सासूबाईंनी पाहुण्यांना हाताला धरून नेऊन दाखवला होता."

हे मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि दर वेळी मला वाईट वाटतं. रुखवतावर मांडेपर्यंत बाईच्या हातातली कला तिचा गुण असते. मूल झालं की तीच कला रिकामटेकडेपणा ठरते. कला तीच, हातही तेच. मात्र सासूबाईंच्या बोलण्यात एक रास्त काळजीही होती, ती सुयांची. ती मी झटकली नाही. दोन वर्षांचं मूल घरात असेल तर बोथट टोकाचीच सुई वापरायची. या कामाला तीच लागते, कारण सुई कापडाच्या भोकातून जायची असते. एका वेळी एकच सुई बाहेर, बाकीच्या डबीत मोजून. कात्री वरच्या फळीवर. सुई ठेवायला डबीच्या झाकणाला आतून लोहचुंबक चिकटवलेलं. एवढं ठरलं आणि सासूबाईंचा निम्मा विरोध मावळला.

मग मृण्मयी दुपारी भरायला बसू लागली आणि सगळं फिसकटलं. "पाच मिनिटं थांब गं म्हणते आणि ओवी पाच मिनिटांत दहा वेळा येते. नकोच ते. मुलं मोठी होऊ देत, मग बघू."

साडेचार वर्षांच्या मुलीला पाच मिनिटं म्हणजे किती, ते कळत नाही. आपण "पाच मिनिटं" म्हणून कधी दोन मिनिटांत उठतो, कधी वीस मिनिटांनी. मुलाच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ एकच होतो, "आई नाही म्हणाली." हे मला ठाऊक होतं, पण त्यावर करायचं काय, ते मलाही सुचत नव्हतं. मी तिला म्हटलं, पुढच्या भेटीला भरतकाम घेऊन या. इथेच बसून भरा.

ती भेट माझ्या चांगली लक्षात आहे. तिने लडीतून बोटापासून कोपरापर्यंत निळा दोरा कापला, अदमासे 18 इंच. सहा पदरांतले दोन वेगळे केले आणि सुईत ओवले. आम्ही बोलत होतो आणि तिचे हात चालू होते. खरं तर त्या दिवशी ती सगळ्यात मोकळी बोलली, नजर कापडावर होती म्हणूनही असेल. मी मात्र दोऱ्याकडे पाहत होते. प्रत्येक फुलीबरोबर तो थोडा आखूड होत होता. शेवटी चार बोटं उरला, तेव्हा तिने कापड उलटलं, सुई मागच्या टाक्यांखालून सरकवली आणि उरलेलं टोक कापलं. मी घड्याळ पाहिलं, 22 मिनिटं झाली होती.

"मृण्मयी, हा दोरा ओवीला दिसतो का?"

"म्हणजे?"

"तो संपताना दिसतो का तिला?"

ती सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "पाच मिनिटं नाही म्हणायचं. दोरा संपेपर्यंत म्हणायचं!"

हे वाक्य तिचं आहे. मी फक्त बोट दाखवलं होतं. पण त्या दिवशी घरी जाताना माझाही पाय हलका होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. घड्याळ मुलाला वाचता येत नाही, पण आखूड होणारा दोरा वाचता येतो. फोन हातात घेतलेल्या आईचं 'आता झालंच' कधी होणार ते मुलाला दिसत नाही, दोऱ्याचं दिसतं.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक माझ्या विचारांचा पाया आहेत. त्यांनी 1958 मध्ये मांडलं की मूल एकटं राहायला शिकतं ते आई जवळ असताना. आई तिथे आहे, पण आपल्यात गुंतलेली नाही. अशा वेळी मूल स्वतःच्या खेळात बुडायला लागतं. खोलीचं दार लावून छंद जोपासण्यापेक्षा मुलाच्या नजरेसमोर बसून जोपासा, असं मी म्हणते ते यामुळे. तिथे बसणं हीसुद्धा मुलासाठी केलेली गोष्टच आहे.

पहिल्या दिवशी ओवी शेजारी बसून दोराच मोजत होती. दुसऱ्या दिवशी तीनदा उठून आली. तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. चोच पुरी व्हायला सातआठ फुल्या उरल्या होत्या, म्हणून मृण्मयीने गुपचूप दुसरा दोरा ओवला. ओवीने पाहिलं आणि भोकाड पसरलं, "तू खोटं बोललीस!" मृण्मयीला हे फार लागलं. मला विचाराल तर हीच खरी शिकवण होती. दोरा संपला की उठायचं, चोच अर्धी राहिली तरी. तुमचा शब्द पाळला जातो हे मुलाला आठवडाभर दिसलं की त्याची वाट बघायची ताकद वाढते. महिन्याभरात ओवी त्या वेळात ठोकळ्यांचं घर रचू लागली. रात्रीचं भरणं बंद झालं, झोप सात तासांवर आली, खेकसणं पुष्कळ कमी झालं. थांबलं मात्र नाही. दोन लहान मुलांच्या आईचं ते थांबावं, अशी माझी अपेक्षाही नाही.

तुम्ही हे करून बघणार असाल तर दिवसाला एकच दोरा ठरवा. मूल खाऊन-पिऊन तृप्त असेल अशी वेळ निवडा, आणि दोरा संपल्यावर पहिली दहा मिनिटं पूर्ण त्याची. छंद दुसरा असेल तर त्याचा दोरा शोधा: पुस्तकाची चार पानं, एक बंदिश, कुंडीतली एक रांग. मुलाला शेवट दिसला पाहिजे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. पूर्वी आवडणारं काहीच करावंसं वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, मन सतत उदास असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर छंदाच्या मागे लागू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

दोन वर्षांच्या ईशानला अजून अख्खा दोरा झेपत नाही. तो मांडीत येऊन बसला की मृण्मयी सुई डबीत ठेवते आणि चुंबकाला ती 'टक्' करून चिकटली की तो टाळ्या वाजवतो. शेवटच्या भेटीत मी विचारलं, पाडव्यापर्यंत तोरण दाराला लागेल ना?

"कुठल्या पाडव्यापर्यंत, ते नाही ठरवलेलं," ती म्हणाली.