वाचक विचारतात : मॉर्मन शिकवण आणि पवित्र शास्त्र

प्रश्न : पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी अशा वेशातले दोन तरुण आमच्या भागात भेटतात. ‘आम्हीही ख्रिस्तीच’ म्हणतात. त्यांच्या चर्चच्या नावातही येशू ख्रिस्त आहे. मग फरक नेमका कुठे? – एक वाचक, पुणे

उत्तर : ज्यांना मॉर्मन म्हणतात, तेच हे तरुण. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे त्यांच्या चर्चचे पूर्ण नाव. जोसेफ स्मिथ यांनी 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केले. पुण्याला हे लोक नवे नाहीत. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक 1852 मध्येच मुंबईला उतरला होता आणि तिथून पुण्याला आला होता.

येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान ते मानतात, प्रार्थना त्याच्याच नावाने करतात. जोसेफ स्मिथची ते पूजा करत नाहीत. त्यामुळे ‘तुम्ही येशूला मानतच नाही’ असा आरोप करून बोलणे सुरू केलेत, तर पहिल्याच वाक्याला तुम्ही चुकता आणि पुढचे तुमचे कोणी ऐकून घेत नाही. चहा-कॉफी आणि बहुपत्नीत्व हे विषयही बाजूला ठेवा. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य करणारा नियम 1833 चा आहे, तो आहाराचा नियम. बहुपत्नीत्व थांबवण्याचा जाहीरनामा 1890 मध्ये निघाला. आज तसे लग्न करणाऱ्याला ते सभासद ठेवत नाहीत.

एकच प्रश्न विचारा : देव अनादि काळापासून देवच आहे का?

आपल्या शिकवणीत देव एक आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण तत्त्व एक. इ.स. 325 च्या नायसिया परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे मांडले, ते याच विश्वासाचे रक्षण करण्यासाठी. देव निर्माता, बाकी सगळे निर्मित, आणि ही सीमा कोणी ओलांडत नाही. ‘माझ्यापूर्वी कोणी देव झाला नाही, माझ्यानंतर होणार नाही’ असा यशया 43:10 चा आशय आहे.

मॉर्मन शिकवणीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे जीव आहेत, उद्देशाने एक. ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या त्यांच्या शास्त्रग्रंथाच्या 130:22 मध्ये पित्याला माणसासारखेच मांसाचे व हाडांचे शरीर असल्याचे लिहिले आहे. 7 एप्रिल 1844 रोजी इलिनॉयमधल्या नॉवू गावी केलेल्या भाषणात स्मिथ म्हणाले की देव स्वतः एके काळी आपल्यासारखाच होता. हे भाषण त्यांच्या शास्त्रग्रंथांत नाही, आणि दारी येणारे तरुण त्यावर सहसा बोलत नाहीत. पण आज्ञा पाळणारी जोडपी पुढे देव होतील, हे त्याच ग्रंथाच्या 132:20 मध्ये आहे, आणि तो ग्रंथ प्रमाण आहे. आपण सारे जन्माआधी देवपित्याची आत्मिक लेकरे होतो, येशू त्यांतला ज्येष्ठ, अशी ही मांडणी आहे. म्हणजे देव, येशू आणि माणूस एकाच जातीचे, फरक फक्त प्रगतीचा. सारा मतभेद इथून सुरू होतो. जो एके काळी देव नव्हता, त्याच्यावर आपण जसे विसंबतो तसे विसंबता येईल का, हे वाचकांनी शांतपणे ठरवावे.

प्रश्न : ते बायबलही वाचतात आणि मॉर्मनचे पुस्तकही. बायबलमध्येच या पुस्तकाचे भाकीत आहे म्हणतात. ‘वाचा आणि प्रार्थना करून देवालाच विचारा’ असा आग्रह असतो. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांच्या विश्वासाच्या तेरा कलमांपैकी आठवे पाहा. बायबल ‘जिथवर अचूक भाषांतरित आहे तिथवर’ देवाचे वचन, असे त्यात म्हटले आहे. मॉर्मनच्या पुस्तकाला मात्र अशी अट नाही. इ.स.पू. 600 च्या सुमारास यरुशलेमहून अमेरिकेला गेलेल्या एका घराण्याची आणि त्याच्या वंशजांची हकिगत म्हणून ते 1830 मध्ये छापले गेले. सोन्याच्या पत्र्यांवरून स्मिथनी त्याचे भाषांतर केले, असा दावा आहे. बायबलमधून ‘साधी आणि मोलाची’ वचने काढली गेली, असेही ते पुस्तक सांगते. याला उत्तर हस्तलिखितांचे आहे. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत यशयाची संपूर्ण गुंडाळी मिळाली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षे जुनी आहे. बारीकसारीक फरक शेकड्यांनी सापडतात, पण यशया तोच आहे.

भाकिताचे म्हणाल तर वचन दाखवले की बोट तिथेच ठेवून पुढे वाचत जा. यहेज्केल 37:16-17 मधल्या दोन काठ्या म्हणजे बायबल आणि मॉर्मनचे पुस्तक, असे सांगतात. वचन 22 पर्यंत वाचले की अर्थ देवच सांगतो : यहूदा आणि इस्राएल ही दोन राज्ये पुन्हा एक होतील. योहान 10:16 मधली ‘दुसरी मेंढरे’ अमेरिकेतले लोक, असे त्यांचे पुस्तक म्हणते. नव्या कराराच्या ओघात ती मेंढरे म्हणजे परराष्ट्रीय (यहुदी नसलेले), ज्यांच्यात आपण येतो. वचन एकटे घेतले की चूक होते. आपल्याकडच्या प्रवचनांतही हा दोष दिसतो, हे मान्य करायला हवे.

स्मिथ यांच्या भाषांतराची पडताळणी एका ठिकाणी करता येते. 1835 मध्ये विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसांवरून (लव्हाळ्यापासून बनवलेल्या प्राचीन कागदांवरून) त्यांनी अब्राहामाचे पुस्तक हा आणखी एक शास्त्रग्रंथ दिला. त्या पपायरसांचे काही तुकडे 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून चर्चकडे परत आले. इजिप्तच्या प्राचीन लिपीच्या जाणकारांनी वाचले तेव्हा तो मृतांसाठीचा अंत्यविधीचा मजकूर निघाला. त्या तुकड्यांवरची अक्षरे अब्राहामाच्या पुस्तकाशी जुळत नाहीत, हे 2014 च्या लेखात चर्चनेच मान्य केले. हरवलेल्या भागात तो मजकूर असेल, किंवा पपायरस पाहून स्मिथना साक्षात्कार झाला असेल, अशी स्पष्टीकरणे ते देतात.

प्रार्थना जरूर करा. पण मनात उठलेल्या ऊबदार भावनेला पुरावा मानू नका. बिरुयाचे लोक पौलाचेही बोलणे रोज शास्त्राशी ताडून पाहत होते (प्रेषितांची कृत्ये 17:11), आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे.

प्रश्न : तारण कृपेने, हे तेही म्हणतात. मग वाद कशाचा? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मॉर्मनच्या पुस्तकातल्या 2 नेफी 25:23 मध्ये आहे की आपण करता येईल ते सारे केल्यावर कृपेने तारण होते. अलीकडे त्यांचे शिक्षक कृपेवर अधिक भर देतात, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. रचना मात्र बदललेली नाही. पुनरुत्थान सर्वांना फुकट, आणि जवळजवळ सगळे तीन गौरवी राज्यांपैकी एकात जातात. पण सर्वोच्च राज्याच्या वरच्या पायरीसाठी त्यांच्या याजकाने दिलेला बाप्तिस्मा, मंदिरातले विधी आणि मंदिरात सर्वकाळासाठी बांधलेला विवाह लागतो. मत्तय 22:30 मध्ये पुनरुत्थानानंतर लग्न नाही असे प्रभू म्हणतो, आणि इफिसकरांस 2:8-9 नुसार तारण हे देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे. सत्कर्मे दहाव्या वचनात येतात, दानानंतर.

प्रश्न : मेलेल्यांसाठी ते बाप्तिस्मा घेतात, हे खरे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : खरे. मंदिरात जिवंत सभासद मृताच्या नावाने पाण्यात बुडतो. मृताच्या आत्म्याला तो नाकारण्याची मोकळीक असते, असे ते मानतात. आधार 1 करिंथकरांस 15:29 चा. पण पौल तिथे ‘जे बाप्तिस्मा घेतात ते’ असे तिसऱ्यांविषयी बोलतो, आज्ञा देत नाही. यासाठी नावे जमवतात म्हणून 2008 मध्ये व्हॅटिकनने धर्मप्रांतांना कळवले की, धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) नोंदवह्या मॉर्मनांच्या वंशावळी संस्थेला चित्रित करू देऊ नयेत.

प्रश्न : मुलगी परदेशात आहे. तिला मॉर्मन मुलाशी लग्न करायचे आहे. तोही पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा झालेला आहे, तर अडचण काय? – एक आई, वसई

उत्तर : विधी पाहिला तर अडचण दिसणार नाही. साधारण आठव्या वर्षी पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. दोन साक्षीदार उभे असतात. केसांची बट किंवा पायाचा अंगठा पाण्यावर राहिला, एखादा शब्द चुकला, तरी पुन्हा करतात. तरीही 5 जून 2001 च्या निर्णयाने व्हॅटिकनने हा बाप्तिस्मा अवैध ठरवला. प्रोटेस्टंट मंडळींचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च सहसा मान्य करते, मग हा का नाही? कारण ती तीन नावे इथे एकाच देवाची नाहीत. वर म्हटलेला मूळ मतभेद पाण्याच्या कुंडापर्यंत येतो तो असा.

म्हणून कॅथलिक चर्चच्या नियमात हे लग्न बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी होणारे लग्न आहे. कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्नाला लागते ती परवानगी इथे पुरत नाही. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) 1086 ची सूट धर्मप्रांताकडून मिळवावी लागते, आणि ती न घेता लग्न लावले तर ते अवैध ठरते. मुलीने राहत्या ठिकाणच्या धर्मगुरूंना तारीख ठरवण्याआधी भेटावे आणि तो मॉर्मन असल्याचे स्पष्ट सांगावे. नुसते ‘ख्रिस्ती’ सांगितले की चुकीचा अर्ज भरला जातो. आपला विश्वास जपण्याची आणि मुलांना कॅथलिक वळण देण्यासाठी शक्य ते सारे करण्याची हमी तिला द्यावी लागेल, आणि ती हमी मुलालाही कळवली जाते.

एक गोष्ट मुलाला आत्ताच विचारायला सांगा. त्यांच्या मंदिरातला सर्वकाळचा विवाह दोघेही पात्र सभासद असतील तरच होतो, आणि सभासद नसलेल्या आईवडिलांना तिथे आत जाता येत नाही. पुढे कधीतरी तिने सभासद व्हावे अशी त्याची किंवा त्याच्या घरच्यांची अपेक्षा आहे का, याचे उत्तर धर्मगुरूंकडे जाण्याआधी तिच्या हाती असले पाहिजे.