बिया पेरणारा रोबोट आणून विदर्भातली पडीक ई-क्लास जमीन हिरवी होईल का?

दुबईत वाळवंटात बिया पेरणारा रोबोट बनवलाय, तसा आणला तर गावची उजाड ई-क्लास, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, हिरवी होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळकडे पाणलोटाची कामं करतो. माझं मत असं, की रोबोट जरूर आणा, पण पेरायला नाही, चर आखायला.

दुबईचा तो ए-सीडबॉट म्हणजे एका विद्यार्थ्याने केलेला, सौरऊर्जेवर चालणारा वीतभर नमुना. आपल्या बरडावर, म्हणजे खडकाळ माळावर, मुरूम आणि गोटे, तिथे तो अडेलच. आणि आपल्याकडे अडलंय ते बियांवाचून नाही. तोडलेल्या पळसाची मुळं जमिनीत जिवंत असतात, चराई-तोड थांबली की फुटतात. आफ्रिकेतल्या नायजर देशात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने 1980 च्या दशकात शेतकऱ्यांसोबत असे फुटवेच राखायला सुरुवात केली. पुढे सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली.

पाऊसही आपल्याकडे बरा पडतो. पण धो-धो येतो आणि माती घेऊन नाल्याला जातो. म्हणून सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, सगळीकडे एकाच उंचीवर खोदलेला लांब चर. तो जरा जरी उताराला गेला तरी सगळं पाणी एका टोकाला जमतं, तिथून चर फुटतो आणि खाली घळ पडते. मे महिन्याच्या उन्हात एकाने ए-फ्रेम (ओळंबा टांगलेली, समपातळी दाखवणारी A आकाराची चौकट) पावलापावलाने सरकवायची, दुसऱ्याने मागून चुन्याची फक्की टाकायची. वारा सुटला की ओळंबा ठरत नाही, फक्कीही उडते. दुपारपर्यंत माणसं थकतात आणि नेमक्या तिथेच रेषा चुकतात.

हे काम यंत्राला द्यावं. मैदानावर पांढरे पट्टे मारणारे आरटीके जीपीएसचे (सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगणाऱ्या जीपीएसचे) रोबोट बाजारात आहेत. ड्रोनने उंचसखल नकाशा काढून दणकट चाकांची तशी गाडी बरडावर फिरवता येईल. जॉर्डनमध्ये इकार्डा या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने समतल रेषा धरण्यासाठी ट्रॅक्टरला लेझर लावूनही पाहिलंय. फक्त जीपीएस उंचीत जास्त चुकतो, तेव्हा जेसीबी लावण्याआधी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मधेमधे पातळी तपासाच.

चराईबंदी मात्र कुठलंच यंत्र करून देणार नाही. शेळ्यावाल्यांना आणि गुराख्यांना ग्रामसभेत बसवा, बंद ठेवायचा तुकडा त्यांनाच ठरवू द्या, दिवाळीनंतर तिथलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्यांना द्या. हा ठराव झाल्यावरच ड्रोनवाल्याला फोन करा.