तुमचे प्रश्न : गोणी, रातांबे आणि भरतीचं गणित

आठवीच्या वर्गाला जीवनकौशल्यांचे तास घेते. फळ्यावर दहा कौशल्यं लिहिली, कागदाचे मनोरे करून घेतले, दोरीचे खेळ झाले. मुलं खूश असतात, पण वर्गातली भांडणं आणि एकमेकांवर काम ढकलणं तसंच आहे. काय चुकतंय?
– एक शिक्षिका, गुहागर तालुका

जागतिक आरोग्य संघटनेची ती दहा कौशल्यं (स्व-जाणीव, समानानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं वगैरे) यादी म्हणून ठीकच आहेत. पण कागदाचा मनोरा पडला तर कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून मुलं मनापासून भांडतही नाहीत आणि जुळवूनही घेत नाहीत. बरं-वाईट ज्यातून आपोआप दिसेल, असं काम हवं. तुमच्याकडे पऱ्या (छोटा ओहोळ) असेल तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, मुलांकडून वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, बांधून घ्या. आधी ग्रामपंचायतीला आणि दोन्ही काठांच्या जमीनमालकांना विचारा. हे विचारायलाही मुलांनाच पाठवा.

तीन मीटर रुंद प्रवाहात गुडघाभर, म्हणजे साधारण ६० सेंमी उंचीच्या बंधाऱ्याला सिमेंटच्या ७०-७५ रिकाम्या गोण्या लागतात. शिवाय दोन-तीन फावडी, एक कुदळ, घमेली, सुतळी आणि चार दाभणं. जागा अरुंद, तळ घट्ट आणि काठ उंच असावेत. तळातला पाला, सैल दगड, गाळ खरवडून काढायचा. गोणीची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवायची. पहिल्या थरात एकामागे एक तीन रांगा, दुसऱ्या-तिसऱ्या थरात दोन-दोन, वर एक. विटांसारखे सांधे चुकवायचे. फटींत चिकणमाती पायाने दाबून बसवायची. दोन्ही टोकं काठात हातभर खणून घुसवायची आणि मधला भाग किंचित खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी तिथूनच जातं.

गोणी अर्धी किंवा फार तर दोन-तृतीयांश भरायची. गच्च भरलेली गोणी गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही. शिवाय अर्धी गोणीसुद्धा २५-३० किलोची होते. ती दोघांनीच उचलायची आणि जवळच भरायची.

खरी गंमत इथे आहे. २४ मुलांचे चार गट करा : भरणारे, शिवणारे, वाहणारे, रचणारे. भरणाऱ्यांना आकडा वाढवायची घाई असते, ते गच्च भरतात. वाहणारे कुरकुरतात, रचणाऱ्यांच्या थरात फटी राहतात, आणि अर्ध्या तासात ‘तुमच्यामुळे’ सुरू होतं. तिथे मध्ये पडू नका. पाऊण तासाने गट फिरवा. मघाशी भरणारा आता रचायला लागला की गोणी केवढी भरायची ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. मोठ्यांनी गोणीला हात लावायचा नाही, हा नियम आधी स्वतःलाच घाला. पालक आले की तो पहिल्या दहा मिनिटांत मोडतो, म्हणून त्यांना चहा-पोह्यांच्या कामाला लावलेलं बरं. मोठ्यांनी फक्त सुरक्षितता बघायची : पायांत बूट, आणि दगड उचलण्याआधी खाली विंचू-साप नाही ना याची काठीने खात्री.

पाणी अडलं की गळती शोधायला लावा. वरच्या बाजूला संशयाच्या जागी पाणी ढवळून गढूळ करायचं आणि खाली कुठून गढूळ येतंय ते बघायचं. तळातून आलं तर पाया नीट साफ झालेला नाही. काठाजवळून आलं तर टोकं आत गेलेली नाहीत. कोण चुकलं हे पाणीच दाखवतं, मास्तरांना बोलावं लागत नाही.

मग तिथेच वीस मिनिटं बसा. ‘काय शिकलात?’ हा प्रश्न टाळा. उत्तर ‘एकीचं बळ’ असं येतं आणि संपतं. विचारा : काम कुठे अडलं? तेव्हा कोण काय बोललं? कुणाचं ऐकलं, कुणाचं नाही? उद्या परत बांधायचा तर काय बदलाल? शेवटी : वर्गात असं कधी होतं? एका उपक्रमात दोनच कौशल्यं धरा, उरलेली पुढच्या वेळी.

अशा उपक्रमांना गुण कसे द्यायचे?
– मुख्याध्यापक, राजापूर तालुका

बंधारा किती चांगला झाला यावर देऊ नका, मुलं लगेच तुम्हालाच विचारून बांधायला लागतात. दोन दिसणाऱ्या गोष्टी ठरवा, उदाहरणार्थ ‘अडल्यावर गटात विचारलं’ आणि ‘दुसऱ्याचं म्हणणं ऐकून कामात बदल केला’, आणि त्यांचीच नोंद ठेवा.

मे महिन्यात वाडीत शिबिर घेतो. मुंबईची मुलं एकीकडे, गावातली एकीकडे. शिवाय कुठलंही काम काढलं की वही मुलींच्या हातात आणि पैसे मुलग्यांच्या. यावर काही उपाय?
– मंडळाचा कार्यकर्ता, मालवण परिसर

मे म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, हंगाम. अमृत कोकम, म्हणजे सरबतासाठी साखरेत मुरवलेला कोकमाचा रस, करा आणि विका. सहा-सहांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडा. खरेदी, फोडणं-भरणं, हिशेब, सफाई ही कामंही चिठ्ठीनेच द्या आणि रोज बदला. एक अट अशी : हिशेब लिहिणाऱ्याकडे पैसे नाहीत आणि पैसे सांभाळणाऱ्याकडे वही नाही. मग दोघांना रोज संध्याकाळी एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

प्रत्येक गटाला पिकलेले दोन किलो रातांबे द्या. धुऊन, पुसून पूर्ण कोरडे करायचे, फोडून बिया आणि गर बाजूला काढायचा. साल साधारण एक किलो निघते, तिला दोन किलो साखर. काचेच्या कोरड्या बरणीत साखर-साल-साखर असे थर, वरचा थर साखरेचा. तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात, रोज कोरड्या पळीने हलवायचं, मग गाळायचं. एक भाग रसाला पाच भाग पाणी, चवीला मीठ आणि जिरेपूड. ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं भांडं वापरू नका, कोकमाचं आम्ल त्यांना खातं. बिया वाळवून ठेवा, कोकमतेलाला लागतात.

बिघाड बहुधा दोन कारणांनी होतो : कुणीतरी ओली पळी घातली, किंवा पैसे वाचवायला साखर कमी केली. दोन्हीत फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. तसं झालं तर ती बरणी टाकायचीच, विकायची नाही, आणि नुकसान गटाच्या हिशेबात लिहायचं. साखरेत काटकसर करायचं कुणी ठरवलं, बाकीचे गप्प का राहिले, हे त्यांनाच बोलू द्या.

बरणी हलवायला रोज कुणीतरी यावं लागतं. दोन-तीन दिवसांत ‘तो जाईल’ म्हणून कुणीच जात नाही. तुम्ही वेळापत्रक करून देऊ नका; एखादा दिवस चुकला की ती स्वतःच करतात. किंमत ठरवताना मुलं बर्फ, पेले आणि फुकट चाखायला दिलेलं सरबत धरत नाहीत. पहिल्या दिवशी तोटा होऊ द्या.

मुलांना समुद्रावर न्यायचं म्हटलं की पालक नाही म्हणतात. पण किनाऱ्यावर राहून मुलांना भरती-ओहोटी कळू नये, हेही पटत नाही.
– एक पालक, श्रीवर्धन तालुका

नुसतं फिरायला नेण्यापेक्षा बेत आखायचं काम मुलांवर सोपवा. कालनिर्णय घ्या आणि जुना हिशेब शिकवा : तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ येते. द्वितीया असेल तर दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड, भरती दीडच्या सुमारास; ओहोटी त्याआधी सहा-सव्वासहा तास, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसातला. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि भरतीला खूप वर येतं; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी.

गटाने तीन गोष्टी कागदावर लिहायच्या : निघायची वेळ, पाणी वळायची वेळ, परत फिरायची वेळ. मग प्रत्यक्ष जाऊन पाण्याच्या कडेला काठी रोवायची आणि दर दहा मिनिटांनी पाणी कुठे आहे ते मोजायचं. अंदाज अर्धा-पाऊण तास चुकतो, आणि तो चुकलेला दिसणंच हवं असतं. खाडीत आत गेलात तर भरती उशिरा येते; तिथे मुलांची गणितं हमखास फसतात. म्हणून सुरक्षिततेसाठी छापील भरती-वेळापत्रकच प्रमाण माना, तिथीचा हिशेब सरावापुरता.

परत फिरायचा निर्णय एका मुलाच्या हातात द्या आणि तो बोलला की मोठ्यांनीही निघायचं, हातात सापडलेला खेकडा टाकून. पाण्यात उतरायचं नाही, खडकांवर ओल्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही, सहा मुलांमागे एक मोठा माणूस असावा. जून ते सप्टेंबर हा उपक्रम बंदच ठेवा. तेव्हा वारा आणि लाटा तिथीचं काही ऐकत नाहीत.